डबा सायबांची अमावस्या

सांगली जिल्ह्यात कंप्युटरला पयला हात लावला त्यो मी. हातात फडकं व्हतं आन् धूळ पुसायला सांगितली व्हती.

पुसली, तर डबा बंद पडला. सायेब खुर्चीवरनं उठले आन् मला त्यांच्या गावच्या, अस्सल कुंडलच्या शिव्या घातल्या. अमेरिकेत एवढी वर्षं काढून आलेला माणूस, पर शिव्यांना तिकडचं पाणी लागलं न्हवतं. शांत असले की पुस्तकासारखं बोलायचे, भडकले की सरळ गावच्या वेशीत. मी त्यांना पुस्तकासारखं बोलताना लय कमी बघितलं.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. सांगलीत सायबांच्या मामाचं ऑइल इंजिनं दुरुस्तीचं दुकान व्हतं, त्याच्या माडीवर हे यंत्र मांडलं व्हतं. अमेरिकेतनं पेटीत सुटं भरून आणलं आन् हितं जोडलं. लोखंडी डबा, वर काच, पुढं टायपिंगची बटणं. म्हणून गाव त्यांना डबा सायेब म्हणायचं. मी मूळचा साताऱ्याकडचा. महाबळेश्वरच्या घाटात बटाट्याची लॉरी चालवायचो. एका पावसात झाडानं लॉरी थांबवली, मालकानं मला थांबवलं. मग सायबांकडं लागलो. झाडायचं, चहा करायचा, शिव्या खायच्या. शाळा शिकलो न्हवतो, पर ह्या तिन्ही कामांना दाखला लागत न्हाई.

माडीवर माणसं बघायला यायची. चपला जिन्यात काढायची, डब्याला हात जोडायची. एकानं तर कुंकू आणलं. सायेब असे तापले की त्यो माणूस कुंकू तिथंच टाकून पळाला. "ह्यो देव न्हाई रं," सायेब जिन्यातनं वरडले. "ह्याला सांगितलं तर ह्यो ऐकतो."

त्यांचा सगळ्यात मोठा राग माझ्या चहावर. एकदा म्हणाले, साखर कमी हाय. मी पातेलं मोरीत वतलं, आधण ठेवलं, नवा चहा केला. मला वाटलं शाबासकी मिळंल. सायबांनी कपाळावर हात मारला. "साखर कमी तर साखर घाल की गाढवा. सगळा चहा वतलास कशाला? जेवढं बदलायचं तेवढंच बदल."

मग काय सुचलं कुणास ठाऊक, मला समोर बसवून सांगाय लागले. तिकडं अमेरिकेत मोठ्या मशिनींवर युनिक्स म्हणून एक कारभार असतो. त्यात एक हत्यार हाय. आपण लिहिलेला मजकूर डब्याला तसाच कळत न्हाई, कंपायलर नावाचा आतला कारागीर त्यो डब्याच्या बोलीत करून देतो. मोठं काम असलं की मजकुराचे तुकडे लय. एक तुकडा बदलला की सगळे परत करत बसायचं म्हणजे माझा चहा. ह्ये हत्यार काय करतं, कुठला तुकडा नवा लिहिलाय त्ये बघतं आन् तेवढाच परत करून घेतं. बाकीच्याला हात लावत न्हाई. ह्ये हत्यार त्यांना आपल्या डब्यावर आणायचं व्हतं.

आता डबा बारका, आन् त्यातला कंपायलर जुना. मोठ्या मशिनीचं निम्मं बोलणं त्याच्या डोक्यावरनं जायचं. लॉरीचं इंजिन सायकलीला बसवल्यागत चाललं व्हतं. सायेब मजकुराची एक वळ कापायचे, एक जोडायचे, आन् काचेवर चूक उमटली की टेबलावर मूठ आपटायचे. "ह्याला ह्ये बी कळत न्हाई, त्ये बी कळत न्हाई. शिद्या, ह्यो तुझा भाऊ हाय." आन् कुठं जमत आलं की वीज जायची. मग वीज मंडळाचा उद्धार खाली रस्त्यापातुर ऐकू जायचा.

सगळं जमलं तरी एक खोड उरली. नवा तुकडा कुठला आन् जुना कुठला त्ये कळायला वेळ कळाय पायजे, आन् डब्यात घड्याळच न्हवतं. सायबांनी त्यावर तोड काढली. सकाळी डबा चालू केला की त्यो तारीख आन् वेळ विचारणार, आपण बटणं दाबून सांगायची, पुढं वीज असंस्तोवर त्यो सोता मोजणार. ह्ये काम त्यांनी मला दिलं. इंग्रजी आकडे मला लॉरीच्या मीटरवरनं येत व्हते. मी बाजारात सांगत फिरलो, कंप्युटर मला विचारून चालतो. लोक म्हणायचे, म्हणूनच चालत न्हाई.

पर ह्या खटाटोपाच्या मागं एक गोष्ट व्हती. सायबांच्या वडलांना, तात्यांना, पोरगं माडीवर डबा घिऊन बसलंय ह्याची लाज वाटायची. त्यांनी ताकीद दिली व्हती. ह्या हंगामाच्या आत कारखान्यानं तुझं काम घेतलं तर ऱ्हा, न्हाईतर परत अमेरिकेला जा, हितं हसं करू नगंस. सायबांना जायचं न्हवतं. त्ये कारखान्यासाठी ऊसतोडीची पाळी लावणारं काम लिहीत व्हते. ज्याची लागण आधी त्याचा ऊस आधी तुटणार. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला, पयला; सुरूचा, म्हणजे थंडी सरताना लावलेला, शेवटी. कुणाचा वशिला न्हाई, कुणाच्या पाया पडायचं न्हाई. आमच्याकडं ऊसतोडीच्या पाळीवरनं भावाभावांत डोकी फुटत्यात. कारखान्याचं नाव काढत न्हाई, अजून डोकं तापतंय.

कारखान्याच्या चेअरमननं मुहूर्त बघून काम दाखवायला घटस्थापनेचा दिवस दिला. म्हणजे आदला दिवस सर्वपित्री अमावस्या.

त्या सकाळी सायबांना चूक सापडली. पाळी उलटी लागत व्हती. शेवटचा पयला, पयला शेवटी. त्ये नीट करायला बसायचं म्हणाले. मी डबा चालू केला, डब्यानं तारीख विचारली आन् माझा हात अडला. अमावस्येला आमी बैल जुपत न्हाई. लॉरी काढायची झाली तर आधी नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. आन् ही तर सर्वपित्री. असल्या दिवशी हातचं काम सुरू करायचं, आन् त्याच्यावर सायबांचं सगळं टांगलेलं. नारळ फोडला असता तर सायबांनी माझं डोकं फोडलं असतं. म्हणून मी डब्याला कालची तारीख सांगितली. म्हणलं, डब्याला काय कळतंय, त्याला वाटंल अजून अमावस्या लागली न्हाई.

सायबांनी सकाळच्या वेळेतच चूक दुरुस्त करून डब्यात ठेवली, पर तुकडा परत करून घ्यायच्या आत वीज गेली. दिवसभर आलीच न्हाई.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या हॉलमध्ये डबा मांडला. चेअरमन, संचालक, सगळ्यांच्या टोप्या कडक. मी तारीख दाबली, ह्या खेपंला खरी. सायेब पुस्तकासारखं बोलाय लागले. म्हणाले, काल एक बदल केला, आता हा फक्त तेवढाच तुकडा नवा करून घेईल. बटण दाबलं. डबा म्हणाला, नवीन काही न्हाई. परत दाबलं. परत त्येच. बरोबर हाय की. अमावस्येच्या आधल्या दिवशी सांच्याला केलेला माल त्याच्याकडं व्हता, आन् दुरुस्ती त्याच दिवशी सकाळची, म्हणजे मालाच्या आधीची, असं मीच त्याला सांगितलेलं.

चेअरमन म्हणाले, चालवा हो. सायबांनी चालवलं. पाळी उलटी आली. सुरूचा ऊस वर, आडसाली तळाला.

आन् चेअरमनचा ऊस सुरूचा. त्यांचं नाव पयलं आलं व्हतं. त्येनी चष्मा लावून वाचलं आन् खूश झाले. "यंत्र हुशार हाय," म्हणाले. संचालक हसले, माना हलल्या. काम झालं व्हतं. मी भिंतीला टेकून मनातल्या मनात त्या अमावस्येला नारळ कबूल केला.

"चूक हाय ह्ये," सायेब म्हणाले. आवाज कुंडलचा झाला व्हता. "उलटं आलंय. आडसालीवाला तळाला जातोय आन् तुमी मान हलवताय?"

मग माझ्याकडं वळले. "शिद्या, काल तारीख कुठली दाबलीस?"

मी सांगितलं. अमावस्येचं बी सांगितलं. हॉल हसला. सायेब हसले न्हाईत. तुकडा परत करून घेतला, परत चालवलं. ह्या खेपंला पाळी सरळ आली. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या वाडीचा आडसालीवाला वर, आन् चेअरमन तळाला. "आता ह्ये बरोबर हाय," सायेब म्हणाले. "ह्याला वशिला कळत न्हाई."

चेअरमननी चष्मा काढला. म्हणाले, जे यंत्र अमावस्येला फसतंय त्याच्यावर शेतकऱ्यांचा ऊस कसा सोडायचा, पाळीच्या चिठ्ठ्या वाटणारे आपले चिटबॉय बरे हायती. आन् उठले.

माझ्या अंगाचा भडका उडाला. दोन मिनिटांपूर्वी हुशार म्हणणारा ह्यो माणूस. सगळ्या लॉरीवाल्यांच्या मिळून जेवढ्या शिव्या मला येत्यात तेवढ्या व्हठावर आल्या. चेअरमननी जाताना माझ्याकडं बघितलं. मी म्हणलो, "चेअरमन सायेब, चहा आणू?"

माघारी सांगलीला जीपमध्ये सायेब भडकले न्हाईत. मला त्येचीच भीती वाटली. पलूस मागं पडलं. मी म्हणलो, चार शिव्या तरी द्या. त्ये बाहेर उभ्या उसाकडं बघत बसले.

तात्यांनी शब्द पाळला, सायबांनी बी. दिवाळीनंतर डबा सुटा करून परत पेटीत गेला. अजून माझ्या घरी चहात साखर कमी पडली तर बायको पातेलं वताय उठते आन् मी तिचा हात धरतो. ती म्हणते, अमेरिकेहून आलाय.

सायेब अमेरिकेला निघाले त्या दिवशी मिरज स्टेशनवर मुंबईची गाडी लागली व्हती. पेटी फलाटावर, तात्या लांब बाकावर बसलेले. मी म्हणलो, "सायेब, माझ्यामुळं तुमचं हितलं सगळं गेलं. माझ्या एका अमावस्येनं—"

"तुझ्यामुळं?" सायेब असे वरडले की हमाल बी थांबला. "येवढा मोठा कवा झालास रं तू? चेअरमननी बरोबर पाळी बघून पाठ फिरवली. तू एक तारीख चुकलास, तेवढंच. चल, पेटी उचल."