उजव्या चाकाचा ब्रेक

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तिला मी जवळजवळ सगळंच सांगतो, आणि जे सांगत नाही ते तिला माझ्या चेहऱ्यावरून कळतं. हे मात्र कळलेलं नाही. म्हणजे मी मनात आणलं तर चांगला लपवू शकतो — हाही एक शोध लागला. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही. उद्या तुम्ही मला मस्कतजवळच्या सीबच्या बाजारात मासे घेताना पाहिलंत तरी ओळखणार नाही. हे सोयीचं आहे, मला कबूल आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गाव कुडाळजवळ, शिक्षण कराडला, आणि नोकरी मस्कतला, अझैबातल्या एका खासगी क्लिनिकमध्ये. पाठीच्या कण्याला इजा झालेली माणसं माझ्याकडे येतात, किंवा मी त्यांच्या घरी जातो. अशा माणसांना मी पहिल्या दिवशी जे शिकवतो ते अगदी साधं आहे. व्हीलचेअरला दोन ब्रेक असतात, डाव्या चाकाला एक, उजव्याला एक. कुठूनही कुठेही सरकायचं असलं की आधी दोन्ही लावायचे. हात लावून बघायचे. मग बाकीचं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन.

हान सर कोरियन. मस्कतमध्ये एका कंपनीत इंजिनीअर होते. सूर नावाच्या गावाहून परतताना त्यांची गाडी उलटली, आणि छातीच्या खालचं शरीर गेलं. गेलं म्हणजे होतं जागेवरच, पण त्याची खबर वर येत नव्हती. मायदेशी जाऊन त्यांनी कित्येक महिने उपचार घेतले. तिथल्या पुनर्वसन रुग्णालयात त्यांच्यासारखाच एक जुना जखमी माणूस त्यांना भेटला. हान सर त्याला थोरला भाऊ म्हणायचे. त्यांच्याकडे ही पद्धतच आहे — आधी पडलेला माणूस नंतर पडलेल्याला शिकवतो. कुशीवर कसं वळायचं, लघवीची नळी कशी सांभाळायची, बसून बसून जखम होऊ नये म्हणून बुड कसं उचलायचं, हे डॉक्टरांपेक्षा त्यानेच जास्त शिकवलं. आणि एक ताकीद दिली — घरात राहू नकोस. आठवड्यातून एकदा तरी लोकांबरोबर जेव.

कंपनीने टेबलावरचं काम दिलं, मुलीची शाळा संपायची होती, म्हणून हान सर मस्कतला परत आले. मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. मला ते टीचर म्हणायचे. वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे, पण मी आत आलो की बसल्याजागी मान झुकवायचे. सुरुवातीला मला अवघड वाटायचं. मग सवय झाली — मान मिळाला की त्याची सवय व्हायला किती वेळ लागतो?

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, तुम्हाला नेमकं काय जमायला हवंय? लोक साधारण चालायला म्हणतात. हान सर म्हणाले, दोन्ही हातांनी पाणी ओतायला.

मला कळेना. मिसेस हाननी समजावलं. (त्यांच्यात बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, तेव्हा त्या काही हान नव्हत्या; पण आम्ही आपले मिसेस हान म्हणायचो आणि त्या चालवून घ्यायच्या.) वडीलधाऱ्याला काहीही द्यायचं तर दोन्ही हातांनी द्यायचं, अशी त्यांची रीत. सीबमध्ये क्वान आजोबांच्या घरी दर शुक्रवारी मस्कतमधली चार-पाच कोरियन कुटुंबं एकत्र जेवतात. क्वान आजोबा सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांच्या पेल्यात जवाचा चहा ओतायचा मान हान सरांचा. पण कमरेत तोल नसलेल्या माणसाचा एक हात कायम कुठेतरी टेकलेला लागतो. दुसराही उचलला की तो पुढे कोलमडतो. एका हाताने ओतायचं? आजोबांनी मनावर घेतलं नसतं. हान सरांनी घेतलं असतं.

मग आमचा तो उद्योगच झाला. आधी रिकामा जग, मग अर्धा, मग भरलेला. सर पुढे झुकायचे, मी पाठीशी हात धरून उभा, जमिनीवर पाण्याचं तळं. मिसेस हान फडकं घेऊन तयारच असायच्या. "टीचर, तुम्ही त्यांना शिकवताय की लादी धुताय?" असं एकदा म्हणाल्या, आणि हान सर इतके हसले की पुन्हा कोलमडले. ते दिवस चांगले होते. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कमी वाईट वाटेल.

अखेर जमलं. भरलेला जग, दोन्ही हात, एक थेंब न सांडता. मी म्हटलं, येत्या शुक्रवारी जाऊ. मी स्वतः घेऊन जातो.

आता क्रिकेटचं सांगतो.

थंडी सुरू झाली की मस्कतच्या गाला नावाच्या भागातल्या वर्कशॉपच्या मागच्या मैदानावर आमचं टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं. गराजवाले, सेल्समन, इलेक्ट्रिशियन, मी. कोकणातली झाडून सगळी मंडळी. मी विकेटकीपर. कर्णधार कुडाळचाच परब. त्या शुक्रवारी आमची मॅच होती. मी हिशोब मांडला होता — हान सरांना सीबला सोडायचं, तिथल्या मंडळींच्या ताब्यात द्यायचं, मॅचला पळायचं, संध्याकाळी आणायला जायचं. वाटेत एका ट्रकमुळे रस्ता अडला आणि उशीर झाला. तुम्हाला वाटेल, मी ट्रकवर ढकलतोय. नाही. उशीर ट्रकने केला, बाकीचं मीच.

क्वान आजोबांच्या दारात गाडी लावली. व्हीलचेअर काढून गाडीच्या दाराशी जोडली. डावा ब्रेक लावला. तेवढ्यात फोन वाजला. परब ओरडत होता, "खंय रवलस रे? टॉस झालो! यल्ला!" यल्ला म्हणजे अरबीत चल लवकर. फोन खांद्याने कानाशी धरला, गाडीच्या सीटवरून खुर्चीवर सरकायची फळी मांडली, हान सरांना म्हटलं, चला. ते फाटकाकडे बघत होते. क्वान आजोबा घरातल्या सपातांमध्येच त्यांना घ्यायला बाहेर आले होते. हान सरांनी हात टेकून अंग उचललं, खुर्चीचं उजवं चाक मागे फिरलं, फळी निसटली, आणि ते गाडी आणि खुर्चीच्या मधल्या फटीतून खाली डांबरावर गेले.

मी सगळ्यात आधी काय केलं, सांगू? त्यांना उचललं नाही. फोन खिशात टाकला, खाली वाकलो — आणि वाकता वाकता उजवा ब्रेक लावला.

हेच सांगायचं होतं. इतकी पानं मी याच्याभोवती फिरतोय. पडणं ही चूक होती. चुका होतात, माफही होतात. पण तो ब्रेक मी विचार करून लावला. सगळे धावत येईपर्यंत जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात.

चौघांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. कंबर खरचटली होती, कोपर फुटलं होतं, हाड शाबूत होतं. हान सरांनी विचारलं, "टीचर, काय झालं?" आणि मी म्हणालो, "पाय. तुमचे पाय उडाले."

कण्याची इजा झालेल्यांच्या पायांना झटके येतात. सरांनाही सकाळी कधीकधी यायचे, बारीकसे. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण खरी गोष्ट त्याहून साधी आहे — त्या माणसाला स्वतःचे पाय कळत नव्हते. त्यांनी काय केलं, काय नाही, हे त्याला दुसऱ्या कोणीतरी सांगायला लागायचं. तो दुसरा मी होतो. त्यांच्या पायांबद्दल मी काहीही सांगू शकत होतो.

हान सरांनी आपल्या पायांकडे बघितलं. मग माझ्यासमोर मान झुकवली. "सॉरी, टीचर," ते म्हणाले. "माय लेग्ज. सॉरी."

ते माझी माफी मागत होते. मी म्हणालो, इट्स ओके.

इट्स ओके! आजही मला स्वतःची किळस येते ती या दोन शब्दांमुळे. बाकी सगळ्याला काही ना काही नाव देता येतं. घाबरलो, नोकरी डोळ्यांपुढे आली, जीभ पुढे गेली. पण त्यांनी मागितलेली माफी मी मोठ्या मनाने देऊनही टाकली.

पुढचं आपोआप झालं. आमच्या इजिप्शियन डॉक्टरांनी मला विचारलं, "तू स्वतः पाहिलंस? जोराचा झटका?" मी हो म्हणालो. त्यांनी झटक्यांची गोळी वाढवली, आणि झटके आटोक्यात येईपर्यंत बाहेर नेऊ नका म्हणाले. त्या गोळीने माणूस पेंगतो. हान सर पेंगू लागले. दुपारचं काम सुटलं. व्यायामाला अंग उचलेना. जग हातात दिला तर मध्येच डोळे मिटायचे आणि पाणी मांडीवर सांडायचं — त्यांना तेही कळायचं नाही, मिसेस हान बघायच्या. त्या आता लादीवरून चेष्टा करत नसत. थोरल्या भावाचा व्हिडिओ कॉल यायचा. तो विचारायचा, कुठे जेवलास? सर म्हणायचे, घरी. पुढच्या वेळी, घरी. मग ते कॉल टाळू लागले.

गोळी कमी करा, असं मी डॉक्टरांना सांगू शकलो असतो का? सहज. एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्याच्या मागोमाग दुसरं वाक्य आलं असतं.

आणि शुक्रवार? शुक्रवार मोकळे झाले. मी त्या मोसमातली एकही मॅच चुकवली नाही. आम्ही चषक जिंकला. तो माझ्या घरी शोकेसमध्ये आहे, बायको दर दिवाळीला पुसते.

सीबची मंडळी सुरुवातीला भेटायला यायची, मग येणं विरळ झालं. क्वान आजोबा दोनदा येऊन गेले. हान सर पलंगावर होते, अर्धवट झोपेत. आजोबा उशाशी बसून राहिले, काही न पिता गेले. त्या उन्हाळ्यात आजोबा वारले. बातमी कळली त्या दिवशी मी नेमका हान सरांच्या घरी होतो. ते रडले नाहीत. त्यांनी जग मागितला, दोन्ही हातांनी धरायला गेले आणि पुढे पडले. मी पाठ धरली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं — ते शुद्धीत होते, मिसेस हान समोर होत्या, दार बंद होतं. मी म्हणालो, उद्या पुन्हा प्रयत्न करू.

मुलीची शाळा संपली आणि ते कायमचे मायदेशी निघाले. निरोपाला गेलो तेव्हा हान सरांनी मला एक खोका दिला, दोन्ही हातांनी. मिसेस हाननी मागून त्यांचे खांदे धरले होते. आत विकेटकीपरचे ग्लव्हज होते. क्रिकेट म्हणजे काय हे त्या घरात कोणालाही ठाऊक नव्हतं. मिसेस हान रुवीच्या बाजारातल्या दुकानात जाऊन, हातवारे करून, विचारून घेऊन आल्या होत्या. "टीचर, तुम्ही आमच्यासाठी तुमचा शुक्रवार दिला होता," हान सर म्हणाले. मीही खोका दोन्ही हातांनी घेतला. एवढी रीत मी शिकलो होतो.

आता शेवटचं. मध्यंतरी त्यांच्या मुलीने मला एक व्हिडिओ पाठवला, खाली इंग्रजीत ओळी लिहून. हान सर तिथे बरे आहेत. तिथल्या डॉक्टरांनी गोळी कमी केली. रंग उजळलाय. त्यांच्यासारख्यांचा एक गट आहे. सगळे साध्या वस्तीत, आपापल्या घरात राहतात, बाजारहाट करतात, एकत्र जेवतात, पायांऐवजी हातांनी चालवायच्या मोटारी चालवतात. नव्याने जखमी झालेल्यांना हान सर आता शिकवतात. तिकडे तेच कोणाचे तरी थोरले भाऊ आहेत.

व्हिडिओत ते गाडीत कसं बसायचं ते दाखवतात. बाकीचे सगळे एकेकटे येतात, फळी लावतात, सरकतात, निघून जातात. हान सर थांबतात. ते पट्ट्याने दोन्ही गुडघे आवळून बांधून घेतात, आणि गाठ नीट बसलीय का हे दुसऱ्या कोणीतरी बघितल्याशिवाय हलत नाहीत. म्हणून ते एकटे कुठेच जात नाहीत, असं मुलीने लिहिलंय. समोर एक तरुण बाई नव्या कोऱ्या खुर्चीत बसून लक्ष देऊन ऐकतेय. तिला ते सांगतात — पायांवर कधी विश्वास ठेवू नको. माझ्या पायांनी ओमानमध्ये मला पाडलं. मला कळलंही नाही. माझ्या टीचरनी डोळ्यांनी पाहिलं म्हणून कळलं.

ती बाई मान डोलावते. मग वाकते आणि स्वतःचे गुडघे बांधायला घेते.

तिच्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावलेले दिसतात. मी ते थांबवून, मोठं करून बघितलं.

मुलीने विचारलं होतं, कसा वाटला? मी अंगठा पाठवला.