अधिकची खूण

नव्वदच्या दशकात कराडहून इंजिनिअर होऊन मी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो, तेव्हा डोक्यात फंक्शनल प्रोग्रामिंग या प्रोग्राम लिहिण्याच्या वेगळ्या पद्धतीचं वेड होतं. जॉबच्या, म्हणजे मशीनवर घडवायच्या भागाच्या, मापातला फरक वाचून मशीनची पुढची सेटिंग काढून देणारा प्रोग्राम मी त्यातच लिहिला. टाइप केलेले आकडे वाचायला पार्सर लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड, घेतली. तिला वजा कळायचं, अधिकची खूण दिसली की ती अडायची.

मापं घेऊन प्रोग्रामात भरणारे आष्ट्याचे म्हातारे मिस्त्री मात्र प्रत्येक आकड्याआधी अधिक किंवा वजाची खूण टाइप करायचेच. मी चिडून म्हणालो, “अधिक टाकू नका.”

“आवं साहेब, नुसता आकडा दिसला तर वजा टाकायचं राहिलंय का, ते कसं कळायचं?”

“तेवढं नीट टाइप करा,” मी म्हणालो.

दोन महिन्यांनी त्यांच्याकडून एक वजा राहिला. प्रोग्रामनं तो आकडा निमूट अधिक धरला आणि अख्खा लॉट भंगारात गेला. मालकानं मिस्त्रींना कायमचं घरी पाठवलं. मी शेजारीच उभा होतो.

अधिकची खूण वाचायची आणि बिनखुणेचा आकडा नाकारायचा, एवढ्यासाठी पार्सरमध्ये एक ओळ पुरते. ती मी दुसऱ्या दिवशी लिहिली. मालकानं माझी पाठ थोपटली.