वृंदा सोवनीची पेन्सिल

वृंदा सोवनी घरी आलेल्या गिऱ्हाइकाला चहा विचारायची नाही, पेन्सिल द्यायची. आधी कॉम्प्युटरवर तुमच्याच दुकानाची निशाणी दाखवायची, ही मंडळी जिला लोगो म्हणतात ती. तुम्ही मान डोलावता न डोलावता तोच पडदा काळा. मग कोरा कागद पुढे सरकवून म्हणायची, "आता काढा. आठवेल तेवढंच." जे कागदावर उतरलं नाही ते ती निशाणीतून पुसून टाकायची, आणि पुसताना चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही ढेकूण चिरडतेय.

कुठल्या कंपनीत नव्हती ती. कोलार रोडला तिसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहायची आणि घरातूनच लोकांचे लोगो, वेबसाइटी करायची. वडील महाराष्ट्रातून इथल्या सरकारी कारखान्यात बदलून आलेले. सगळी हयात भोपाळात गेली, पण घरात बोली पुण्याचीच ठेवली. त्यामुळे वृंदाच्या तोंडून अपमानसुद्धा इस्त्री केलेला निघायचा. आमच्यासारखी हिंदीची भेसळ नाही. शिवी तर कधीच नाही. शिवी परवडली असती.

अरेरा कॉलनीतला एक कोचिंग क्लासवाला तिच्याकडे आला होता. त्याच्या निशाणीत उगवता सूर्य, उघडं पुस्तक, पृथ्वीचा गोल, मशाल आणि वर पंख पसरलेला गरुड. एवढ्या सगळ्यातून त्या सरांच्या हाताला फक्त गरुड आठवला, आणि तो कोंबडीसारखा झाला. वृंदाने तो कागद भिंतीवर चिकटवला आणि सरांना म्हणाली, "सर, तुम्ही मुलांना नापास करता तेव्हा त्यांना असंच वाटतं." सर तणतणत जिना उतरले. पुढच्या आठवड्यात परत आले. सगळेच यायचे, कारण काम चोख होतं. तिने केलेली पाटी चालत्या बसमधून वाचता यायची.

एका दाताच्या डॉक्टरने मात्र तिच्याकडून काम अर्ध्यावर काढून घेतलं. म्हणाला, माझा भाचा मोबाइलवर फुकटात करून देतो. ही दवाखान्याच्या उद्घाटनाला समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली आणि पाटीकडे बोट करून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत सुटली, भैया, ये किस चीज की दुकान है? कुणी ब्यूटी पार्लर सांगितलं, कुणी लेडीज टेलर. मग आत गेली, पाहुण्यांसमोर डॉक्टरांचं अभिनंदन केलं आणि ती सगळी उत्तरं मोठ्याने सांगितली. पेढाही खाऊन आली. हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना तिला पेढ्याची चव अजून आठवत होती.

आता माझं. मी चौथी शिकलेला माणूस. नेहरू नगरात घोडके मसाल्याशिवाय मराठी घरात आमटी होत नाही असं लोक म्हणतात. मीही म्हणतो. माझ्या पाकिटावर लंबगोलात एका बाईचं चित्र आहे, नथ, कुंकू, डोक्यावरून पदर. ती माझी बायको, सिंधू. मसाला तिच्या हातचा, म्हणून चित्र तिचं. सिंधू गेली, त्यानंतर मुलाच्या, महेशच्या, डोक्यात भरलं की मसाला इंटरनेटवर विकायचा, त्याला नवी निशाणी पाहिजे. मी म्हटलं, वेबसाइट कर, दहा कर, पण पाकिटावरची तुझी आई हलणार नाही. तो म्हणाला, बाबा, एकदा वृंदाताईंकडे चला तर.

गेलो. बाईने मला खालून वर बघितलं, पाकीट टेबलाच्या खणात टाकलं आणि पेन्सिल पुढे केली. मी म्हटलं, मी चित्रकार नाही. ती म्हणाली, "चित्रकार नकोच आहे, काका. मालक पाहिजे."

मग मीही हट्टाला पेटलो. सगळी उमर ते पाकीट भरण्यात गेली, मला काय शिकवते ही. लंबगोल काढला. पदर काढला. नथ काढली, मोती बरोबर तीन. कुंकू काढलं. आणि हात थांबला. डोळे कसे होते, नाक कुठून सुरू होतं, काही केल्या येईना. महेश खिडकीबाहेर बघायला लागला. वृंदा मात्र माझ्या हाताकडेच बघत होती, आणि तिला घाई नव्हती.

शेवटी तिने कागद ओढून घेतला. मग खणातलं पाकीट काढून शेजारी ठेवलं आणि विचारलं, काकू इतक्या गोऱ्या होत्या का? नव्हती. सिंधू सावळी होती, गालावर देवीचे वण होते. इंदूरच्या छापखान्यात मी तिचा लग्नातला फोटो दिला होता, त्यांनी तो रंगवून छापला. पाकीट बघून काकू काय म्हणाल्या होत्या, असं वृंदाने विचारलं. मी खोटं बोलत नाही. सांगितलं की हसली, आणि म्हणाली, ही कोण?

"म्हणजे काकूंना तेव्हाच कळलं होतं," वृंदा म्हणाली. "कळायचं राहिलं ते तुम्हाला एकट्याला. हे मेलेलं आहे, काका. ह्यात काकू कधी नव्हत्याच, आणि होत्या तेवढ्या तुम्ही आत्ता पुसल्यात."

महेशने माझा दंड धरला नसता तर काय केलं असतं सांगता येत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "तू लगीन केलं नाहीस ते बरं केलंस." ती म्हणाली, ज्याच्याशी ठरलं होतं त्या मुलालाही असंच वाटतं.

एवढ्यावर थांबेल तर ती वृंदा कसली. दुकानात आली. एक जुनं गिऱ्हाईक, शेजारच्या गल्लीतल्या जोशीवहिनी, पाकीट घेऊन निघाल्या होत्या. हिने त्यांचा हात धरून पाकीट त्यांच्याच पाठीमागे लपवलं आणि विचारलं, ह्याच्यावर चित्र कुणाचं आहे? वहिनी गोंधळल्या. म्हणाल्या, देवी आहे ना कुठली तरी? लक्ष्मी? सिंधूच्या हातचं हळदीकुंकू वर्षानुवर्षं घेतलेली बाई ही. वृंदा माझ्याकडे वळलीसुद्धा नाही, वहिनींना थँक्यू म्हणून निघून गेली.

पण तिचा हा छळ फक्त गिऱ्हाइकांपुरता नव्हता. तिच्या आईची आठवण गेली होती. म्हातारी गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायची. चहाच्या वेळी वृंदा तिच्यासमोर उकिडवी बसायची आणि विचारायची, आई, मी कोण? आई कधी म्हणायची टायपिंगवाली, कधी नर्स, एकदा म्हणाली बँकेतल्या बाई. "चूक," असं वृंदा म्हणायची, तोच आवाज, कोचिंगवाल्या सरांना लावलेला. मग बिस्किट चहात बुडवून तिला भरवायची. जोशीवहिनींवरून भांडायला गेलो तेव्हा हे बघून मी म्हटलं, कशाला रोज विचारतेस, सांगून टाक ना बाई एकदा. ती म्हणाली, "सांगून कळलेलं कळलेलं नसतं, काका. मी सांगितलं तर ती हो म्हणेल. हो तर ती दूधवाल्यालाही म्हणते."

हे मला पटलं नाही. म्हणून मी पुन्हा भांडायला गेलो. मग जातच राहिलो. पाकीट खिशात घालून कोलार रोडला जायचं, जिना चढायचा, आणि म्हणायचं की चित्र खराब असलं तरी चित्रच असतं, त्यातून माणूस सापडतो. ती म्हणायची, सापडत नाही, हरवतो. निशाणी तिने करून दिली होती. लंबगोल, पदर, नथ, कुंकू, आणि चेहऱ्याच्या जागी कोरं. माझाच कागद, फक्त रेघ सरळ केलेली. महेशला फार आवडली. मी म्हटलं, ही विधवेपेक्षा वाईट, हिला तोंडच नाही. शेवटी वाटणी झाली, इंटरनेटवर तिची निशाणी, दुकानात माझी सिंधू. तिकडे विक्री बरी होते असं महेश सांगतो. मी विचारत नाही.

मग वृंदाच्या पोटात रोग निघाला. उशिरा कळला. शेवटी भेटलो तेव्हा हाडांवर कातडं तेवढं राहिलं होतं. मी बघतोय हे बघून म्हणाली, "जास्तीचं सगळं निघालं, काका. आता कुठे डिझाइन जमलंय." मला हसू आलं नाही. तिने विचारलं, काकूंचा चेहरा आला का? मी म्हटलं, नाही आला. "मग कशाला आलात? घरी जा, बसा पेन्सिल घेऊन." मला बोललेलं तिचं हे शेवटचं.

दहाव्याला गेलो. पुण्याहून तिचा चुलतभाऊ आला होता, आईला घेऊन जायला. त्याने टेबलावर वृंदाचा फोटो मांडला होता. मोबाइलवर कुठेतरी सुधारून घेतलेला. रंग गोरा केलेला, ओठ गुलाबी, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गायब, मागे ढग आणि कडेने गुलाबांची वेल. तिने आयुष्यभर लोकांच्या पाट्यांवरून खरवडून काढलं ते सगळं तिच्याच भोवती लावलं होतं. वर चंदनाचा हार. ती असती तर दोन शब्दांत त्या भावाला रडवलं असतं.

म्हातारीला गॅलरीतून आत आणलं, फोटोसमोर बसवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग माझी बाही ओढली आणि म्हणाली, "ही आमची वृंदा." तिने दाराकडे बघितलं. "शाळेतून आली नाही का अजून?"

भाऊ तोंड फिरवून उभा राहिला. बशीत बिस्किटं होती, पाहुण्यांसाठी ठेवलेली. मी एक उचललं, चहात बुडवलं, म्हातारीच्या तोंडापाशी नेलं.

"बरोबर," मी म्हटलं.

तिने खाल्लं आणि पुन्हा दाराकडे बघत बसली. माझ्या खिशात पाकीट होतं, सवयीने घातलेलं. खराब चित्रातूनही माणूस सापडतो, हे मी म्हणत होतो आणि ती नाही म्हणत होती. मी जिंकलो होतो. टेबलावरचा तो गोरा, गुलाबी चेहरा ढगांतून माझ्याकडे बघून हसत होता, आणि वृंदा अशी कधी हसली नव्हती.