शेजारच्या बाईंचा दुसरा पेला

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

चंद्रपुरात आमच्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहत. त्यांचा भाचा नागपूरहून तऱ्हेतऱ्हेच्या बिअर आणून द्यायचा. संध्याकाळी अंगणात, सगळ्यांना दिसेल असं बसून त्या एकच बाटली दोन पेल्यांत ओतत. दुसरा पेला माझा; मी मात्र रस्त्यावरून दिसू नये असा खांबाआड बसे. आधी वास घेत, मग डोळे मिटून चवीला नाव देत. गव्हाची बिअर म्हणजे पिकलं केळं, काळी म्हणजे भाजलेली मोहफुलं. मी घटाघट प्यायलो की म्हणत, "भाऊ, घाई काऊन करून राह्यले? खोकल्याचं औषध नाई हे." सत्तरीत माझ्या जिभेला कडूतले फरक कळू लागले ते त्यांच्यामुळे.

बाई आमच्या भजनमंडळात पेटी वाजवत. पिण्याची कुजबुज झाली तेव्हा मंडळानं मला विचारलं. मी म्हणालो, "त्या पितात. मी फक्त पेपर परत करायला जातो." बाईंना येऊ नका म्हणून कळवण्यात आलं.

मीही तिथे पितो का, असं माझ्या बायकोनं कुंपणावरून त्यांना विचारलं, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "भाऊ तं माह्या घरी चहाच पेतात."

त्या संध्याकाळी मी गेलो. दोन पेले मांडलेलेच होते.

"नवीन हाय. चव सांगा."

मी घोट घेतला. "जळका गूळ," म्हणालो. त्यांनी खुशीत मान हलवली.

आता ते अंगण रिकामं आहे. त्या दिवशी घरून मी वेगळंच पाठ करून निघालो होतो. चुकलं माझं, बाई.