नाव न घेता केलेली प्रार्थना

आमच्या घरी पुस्तकं कमी, पत्रकं फार. वडील आमच्या ख्रिस्ती मंडळीसाठी ती गठ्ठ्याने छापून आणायचे आणि धुळ्याच्या बाजारात वाटायचे. उरलेल्यांची माझ्या वह्यांना कव्हरं. छळ सोसणाऱ्यांच्या बाजूने उभे राहा, हे मी बाराखडीबरोबर शिकले. म्हणून त्या रविवारी जे झालं ते मला अजून गिळता येत नाही.

माझी आत्या सातपुड्याच्या पायथ्याशी राहते. दर शुक्रवारी तिच्या अंगणात चार बाया जमून गातात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. एवढंच. गावातल्या काही तरुणांनी ते बंद करायला सांगितलं. आत्या ऐकेना. मग गावच्या एकुलत्या एका गिरणीने तिचं दळण घेणं सोडलं. घरात ज्वारी आणि भाकरी नाही! तेव्हापासून ती ज्वारीची पिशवी घेऊन एसटीने धुळ्याला येते, आमच्याकडे मुक्काम करते, दळून घेते आणि रविवारची उपासना आटोपून परत जाते.

त्या रविवारी ती माझ्याशेजारीच बसली होती. पाळकांनी छळ सोसणाऱ्या बांधवांसाठी प्रार्थना सुरू केली. कुठल्या कुठल्या देशांची नावं घेतली, तिथल्या तुरुंगांची नावंसुद्धा. लोकांचे डोळे भरून आले. शेवटी ते म्हणाले, "आणि आपल्या भागातल्या एका अडचणीतल्या कुटुंबासाठी."

अडचणीतलं! जसं काही आत्याचं छप्पर गळत होतं.

मी उभी राहिले. "पाळकसाहेब, नाव घ्या. गावाचंही घ्या. काय झालंय ते सांगा."

"बेटा, खाली बस. वातावरण बरं नाही. कोण ऐकत असेल सांगता येत नाही."

"बापाने पत्रकं वाटली, आता पोरगी मोर्चा काढते," मागून एक नाना म्हणाले. हसलेही लोक.

मग आत्या उठली, तिच्या अहिराणीत म्हणाली, "मनं नाव ल्या ना! मी आठेच बठेल शे. बठ्ठा जगना लोके दिखतस तुमले, मी नही दिखस?"

सगळ्या जगाचे लोक दिसतात आणि इथेच बसलेली ती दिसत नाही! हसणं थांबलं. पण नाव कोणी घेतलं नाही. पाळकांनी घाईने आशीर्वाद दिला.

चर्चच्या दारात मी विचारलं, या शुक्रवारी माझ्याबरोबर आत्याच्या अंगणात कोण येतं? कोणी चपला शोधत राहिलं, कोणाला लग्नाला पारोळ्याला जायचं होतं. वडील म्हणाले, "तू जा. मी इथून प्रार्थना करतो." माझ्या वडिलांनी! ज्यांनी मला उभं राहायला शिकवलं, त्यांनी.

मी एकटीच गेले. अंगणात आत्या आणि एक म्हातारी शेजारीण, बाकी कोणी नाही. गाणं सुरू झालं तसे ते तरुण अंगणाच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. एकाने मोबाइल समोर धरला.

"अक्का, सांगेल व्हतं ना तुले?"

"बठनं व्हई ते बठ," आत्या त्याला हाताने बाजूला हो अशी खूण करत म्हणाली, "नही ते उजेड सोड." मग माझ्याकडे वळून, "तू कर प्रार्थना."

त्यांना क्षमा कर, हे माझ्या तोंडून निघेना. खोटं बोलायला मी तिथे गेले नव्हते. मी आत्याचं पूर्ण नाव घेतलं, गावाचं घेतलं, गिरणीचं घेतलं. कोणी काय केलं ते देवाला एकेक करून सांगितलं. मोबाइलमध्ये नीट यावं इतक्या मोठ्याने.