वर्कशॉपची मतं

आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन आले, चाकणला वर्कशॉप टाकलं आणि उतारवयात आमच्या रहाटणीच्या मतदारसंघातून आमदारकीला अपक्ष उभे राहिले. "रहाटणीतले आपले कामगार, त्यांची घरं, एवढी मतं तरी पक्की," म्हणायचे. मतदानाला सुट्टी दिली, वर दम भरला, "झोपा काढू नका, मत टाका!"

दोन दिवसांनी कामगार हजर, हातात शेंगांच्या पिशव्या. "साहेब, शब्द मोडला नाही बघा. लातूरला जाऊन मत टाकलं!" सगळ्यांची नावं गावच्याच मतदार यादीत.

हे हसले, शेंगा घेतल्या. घरी आल्यावर मला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

होतं हो. कामगारांच्या बायका आधीच बोलल्या होत्या. पण प्रचाराच्या दिवसांत होते तेवढं खुशीत यांना फौज सोडल्यापासून मी पाहिलंच नव्हतं. सांगवलं नाही.