चटई घरीच राहिली

निशिकांतराव देवस्थळींनी सत्तावीस वर्षं सिंगापुरातल्या एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात घालवली. कुणाची गाडी खरंच ठोकली गेली आणि कुणी ती स्वतःच खांबावर नेऊन घातली, हे त्यांना नुसत्या फोटोवरून कळायचं. नोकरी सुटली, पण संशय काही सुटला नाही. वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये दूध जरा लवकर नासलं तरी ते फ्रीजची उलटतपासणी घेत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, अख्खं सिंगापूर टेबलावर टिश्यूचं पाकीट टाकून जागा धरतं. हे मात्र टेबलाला खेटून पहारा देत उभे राहत आणि त्यांच्या पत्नी, सुरेखाबाई, दोघांचे ट्रे आणत.

अशा माणसाच्या घरात सुरेखाबाईंनी काही लपवायला जावं, हेच मुळात धाडसाचं.

पहिल्यांदा मोजे गेले. अंगठ्याला भोक पडलेले निशिकांतरावांचे पाच जोड एका सकाळी न विचारता कचऱ्यात गेले आणि नवे आले. मग सुरेखाबाईंच्या पर्समध्ये, झिपच्या पिशवीत, बिस्किटांचे रिकामे कागद सापडले. पर्स आपण चष्म्याचं फडकं शोधायला उघडली होती, असं निशिकांतरावांचं म्हणणं. पावलोपावली कचऱ्याचे डबे असलेल्या शहरात बाई कचरा घरी का आणते? कागद लपवते म्हणजे खाणं लपवते, खाणं लपवते म्हणजे साखर वाढली असणार, आणि जुनं-पुराणं टाकून देते म्हणजे शेवटची आवराआवर चालली आहे.

त्यांनी मुलीला, ऋचाला फोन केला. ती नोव्हेनाला हॉस्पिटलात नोकरी करते. आई ठणठणीत आहे, म्हणाली, वर सिंगापुरी ढंगात "बाबा, रिलॅक्स लाह," एवढं बोलून तिने घाईने फोन ठेवला. ती घाई निशिकांतरावांनी मनात टिपून ठेवली.

पण मनाला खरं लागलं ते रविवारी. हॉकर सेंटरमध्ये त्यांनी टोफूचा तुकडा उचलून सुरेखाबाईंच्या चॉपस्टिक्सपुढे धरला. या देशात आल्यापासून दोघं असंच एकमेकांना देत आले होते. त्या दिवशी सुरेखाबाईंनी हात मागे घेतला आणि बशीत ठेवा म्हणाल्या. त्यांनी बशीत ठेवला. पुढचं जेवण त्यांना गोड लागलं नाही.

राहता राहिला गुरुवार. दोन महिने दर गुरुवारी दुपारी त्या योगाच्या वर्गाला जाते असं सांगून जात होत्या. या गुरुवारी त्या गेल्यावर पाहिलं, तर योगाची चटई दाराआड उभीच. निशिकांतरावांनी छत्री उचलली आणि मागोमाग निघाले.

एमआरटी मेट्रोत ते शेजारच्या डब्यात उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी सुरेखाबाईंना फोन लावला. सुरेखाबाईंनी फोन काढला, नाव वाचलं आणि कट केला. डोळ्यांदेखत! एरवी ही बाई वुडलँड्सपासून ऑर्चर्डपर्यंत फोनवर बोलत जायची. आता नोव्हेनाला उतरणार, मोठ्या डॉक्टरकडे जाणार, असं धरून निशिकांतराव दांडा घट्ट पकडून उभे होते. ते खरोखर घाबरले होते. पण सुरेखाबाई एक स्टेशन आधी, तोआ पायोहलाच उतरल्या. क्षणभर निशिकांतरावांना हायसं वाटलं, मग वाटलं, काटकसर करून साधाच डॉक्टर गाठला असेल.

सुरेखाबाई शिरल्या त्या कम्युनिटी क्लबमध्ये. एका खोलीबाहेर बूट-चपला टोकं बाहेर करून ओळीने लावल्या होत्या. काचेतून पाहिलं तर फळ्यावर जपानचा नकाशा, समोर दहा-बारा माणसं, आणि सुरेखाबाई कमरेत वाकून कुणालातरी दोन्ही हातांनी एक खोका देत होत्या. निशिकांतराव काचेला नाक लावून बघत असतानाच दार उघडलं. जपानला जाणाऱ्यांना तिथल्या रीती शिकवणारी प्रणिता दारात उभी होती.

"देवस्थळीकाका ना? या. काकू म्हणाल्याच होत्या, तुम्ही एक दिवस मागोमाग येणार म्हणून. तुमची खुर्ची ठेवलीय."

बूट काढावे लागले. अंगठा बाहेर डोकावला नाही, आणि मोज्यांचं कोडं तिथल्या तिथे सुटलं. तासाभरात बाकीचीही सुटली. जपानात रस्त्यात कचऱ्याचे डबे फारसे नसतात, आपला कचरा आपण न्यायचा. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही. निशिकांतराव सगळा वेळ छत्री मांडीवर धरून बसले होते.

वर्ग सुटल्यावर खालच्या हॉकर सेंटरमध्ये त्यांनी चौकशी सुरू केली. सुरेखाबाईंनी शांतपणे व्हिएतनामची आठवण करून दिली. ती सहल निशिकांतरावांनी शंका काढून काढून मोडली होती. म्हणून या खेपेला त्यांच्या शंकांची उत्तरं आधी शिकायची आणि मगच तोंड उघडायचं, असं सुरेखाबाईंनी ठरवलं होतं. एप्रिलची जपानची दोन तिकिटं काढून झाली होती. ऋचाला ठाऊक होतं.

सगळं जुळत होतं. जे सगळ्यात जास्त लागलं होतं, तेवढंच जुळत नव्हतं.

"आणि रविवारी? माझ्या हातचं का नाही घेतलंस?"

सुरेखाबाईंनी हातातल्या चॉपस्टिक्स ट्रेवर ठेवल्या. "तिकडे माणूस गेलं की घरचे अस्थी वेचतात, त्याही चॉपस्टिक्सनी. एकाने एक उचलायची आणि दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये द्यायची. म्हणून जेवताना तसं कुणी देत नाही." मग म्हणाल्या, "ते ऐकल्यापासून तुमच्याशी तसं करवेना मला."

निशिकांतरावांनी टोफूचा एक तुकडा उचलला, सुरेखाबाईंची बशी जवळ ओढली आणि त्यात अलगद ठेवला.